छापलेलं हरवलं, उतरवलेलं उरलं

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. बारावी होऊन कॉलेजला लागलेला. माझ्या खोलीतली तिन्ही कपाटं बघून म्हणाला, "मामा, इतलीं पुस्तकां कित्याक दवरल्यांत? सगळें मोबायलाचेर मेळटा मरे."

अशा वेळी आपण पुस्तकप्रेमी मंडळी जे बोलतो तेच मी बोलणार होतो. कागदाचा वास, पान उलटण्याचं सुख, हातातलं वजन वगैरे. पण शब्द तोंडातच राहिले. कारण मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती पुढे सांगतो. त्याआधी जरा मागे जाऊ, कारण "पुस्तक टिकतं कशात?" हा प्रश्न आपल्या गोव्याला नवा नाही. निदान साडेचारशे वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तर कागदप्रेमी आणि मोबाइलप्रेमी दोघांनाही थोडं अडचणीचं वाटेल असं आहे.

भारतातली पहिली छपाई गोव्यात झाली हे आपण अभिमानाने सांगतो. १५५६ साली जेजुइटांचं छापण्याचं यंत्र गोव्यात उतरलं. गंमत म्हणजे ते आपल्यासाठी आलंच नव्हतं. ते निघालं होतं आबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. तिथल्या राजाकडून स्वागताची चिन्हं दिसेनात, म्हणून तिकडे जायला निघालेली माणसं गोव्यात अडकली आणि त्यांच्याबरोबर यंत्रही. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात ते बसवलं गेलं आणि त्याच वर्षी छपाईला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी, १५५७ मध्ये, फ्रान्सिस झेवियरची 'दोत्रिना' छापून निघाली.

आता या पहिल्या पुस्तकांच्या प्रती कुठे आहेत? पणजीत नाहीत, जुन्या गोव्यात नाहीत. अगदी सुरुवातीच्या छपाईतलं काहीच हाती लागत नाही. गोव्यात छापलेलं आणि आज बघायला मिळतं असं सगळ्यात जुनं पुस्तक १५६१ सालचं, आर्चबिशप गास्पार द लियांव यांचं. त्याची प्रत आहे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात!

१५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा ग्रंथ जुन्या गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि मसाल्यांवरचे संवाद. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव दिलंय तोच हा ऑर्ता. कामोंइश या पोर्तुगीज महाकवीची पहिली छापील कविता याच पुस्तकात आहे. ऑर्ता ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला. त्यानंतर इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली. अशा माणसाचं पुस्तक कोण जपून ठेवणार? पण तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. क्लूसियस नावाच्या युरोपीय वनस्पतीतज्ज्ञाच्या हाती ते पडलं होतं आणि १५६७ मध्येच त्याने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला होता. त्याच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या. गोव्यात लेखकाची हाडं जळत होती तेव्हा त्याचं पुस्तक युरोपभर वाचलं जात होतं.

हा झाला पहिला धडा. पण माझ्या विषयाचा खरा गाभा आहे तो फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'त.

टॉमस स्टीफन्स हा इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. साष्टीत राहून तो आपली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं पुराण मराठीत रचून गेला. त्याच्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या आहेत. तर हे पुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. १६४९ ला पुन्हा आणि १६५४ ला तिसऱ्यांदा. चाळीस वर्षांत तीन आवृत्त्या! आज एखाद्या मराठी काव्यसंग्रहाचं असं भाग्य उजळलं तर कवी पेढे वाटेल.

आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज जगात कुठे असल्याचं ठाऊक नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते अ. का. प्रियोळकरांच्या मुद्रणाच्या इतिहासावरच्या ग्रंथात. प्रियोळकर आपल्या प्रियोळचेच. १९५८ साली, भारतातल्या मुद्रणाला चारशे वर्षं झाली त्या निमित्ताने, त्यांनी तो इंग्रजीत लिहिला. कॉलेजात असताना पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत बसून मी तो चाळत होतो. छापलेलं पुस्तक असं समूळ कसं नाहीसं होतं, हे मला त्या वयात पटेचना.

कारणं शोधली तर सगळी आपल्या ओळखीची. एक म्हणजे आपली हवा. चार महिने कोसळणारा पाऊस, भिंतीला ओल, कपाटात बुरशी आणि वर्षभर वाळवी. दुसरं म्हणजे राज्यकर्त्यांची मर्जी. ज्या पाद्र्यांनी सुरुवातीला इथली भाषा शिकून तिच्यात पुस्तकं छापली, त्यांचं धोरण पुढे उलटलं. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत इथली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. मग देशी भाषेतली पुस्तकं पुन्हा छापणार कोण? छपाईही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावली. १७५९ मध्ये जेजुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून हाकललं गेलं आणि त्यांच्या मठांतले संग्रह पांगले. गोव्यात पुन्हा छापखाना दिसला तो १८२१ मध्ये, 'गाझेत द गोवा' हे सरकारी वृत्तपत्र सुरू झालं तेव्हा. जिथे भारतातला पहिला छापखाना चालला त्या भूमीत दीडशेच्या आसपास वर्षं छपाईच नव्हती.

मग 'ख्रिस्तपुराण' आज आपल्याकडे आहे ते कसं?

लोकांनी ते हाताने उतरवून घेतलं होतं म्हणून. हे पुराण चर्चमध्ये आणि घरांत मोठ्याने वाचलं जायचं, गायलं जायचं. ज्यांना छापील प्रत मिळाली नाही किंवा जिची पानं गळाली, त्यांनी वह्या केल्या. गोव्यातून कानडा मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर या वह्या नेल्या. तिथे पिढ्यानपिढ्या त्यांच्या नकला होत राहिल्या. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून मंगळूरला रोमी लिपीत हे पुराण छापलं. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट या अभ्यासकाला लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात त्याचं देवनागरी हस्तलिखित सापडलं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्याहून देवनागरीत आवृत्ती काढली, तेव्हा ते सर्वसामान्य मराठी वाचकाला वाचता आलं.

म्हणजे बघा, यंत्रावर तीनदा छापलेलं पुस्तक नष्ट झालं आणि दिव्याच्या उजेडात बसून कोणा अनाम माणसांनी उतरवलेलं पुस्तक उरलं. कागद दोन्हीकडे होता. वाळवी दोन्हीकडे होती. फरक एवढाच की वही ज्याच्या घरी होती त्याला ती आपली वाटत होती. जीर्ण झाली की तो दुसरी करत होता.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्याला टोचणारी आहे. कृष्णदास शामा हे केळशीचे. १५२६ साली त्यांनी 'श्रीकृष्णचरित्रकथा' मराठी ओव्यांत लिहिली. पणजीच्या पाटोवर आपलं जे मोठं राज्य ग्रंथालय उभं आहे त्याला त्यांचंच नाव आहे. या ग्रंथालयाची मुळं १८३२ सालापर्यंत जातात. पण कृष्णदास शामांच्या या ग्रंथाची जुनी प्रत कुठे सापडली? पोर्तुगालच्या ब्रागा शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात. तिथे रोमी लिपीत उतरवलेल्या आपल्या रामायण-महाभारताच्या कथाही आहेत, कोकणी आणि मराठी दोन्ही भाषांत. ज्या पाद्र्यांना आपला धर्म खोडून काढायचा होता, त्यांनी तो समजून घेण्यासाठी आणि भाषा शिकण्यासाठी या कथा उतरवून घेतल्या. इथल्या मूळ पोथ्या जळाल्या, विस्कटल्या, नदीपलीकडे गेल्या. शत्रूने केलेली नक्कल तेवढी राहिली. नक्कल कोणी आणि कोणत्या हेतूने केली, हे काळ विचारत नाही.

आता पडद्याकडे येऊ.

स्टीफन्सची एक इच्छा अपुरी राहिली. पुस्तकं इथल्या लोकांच्याच लिपीत छापावीत असं त्याला वाटत होतं. १६०८ साली त्याने रोममधल्या आपल्या वरिष्ठांना तसं पत्रही लिहिलं. अडचण होती ती खिळ्यांची. रोमी लिपीला चोवीस अक्षरं पुरतात. आपल्या लिपीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास साचे लागत होते. ते काही झाले नाहीत आणि मराठी पुराण रोमी लिपीतच छापावं लागलं.

हे सहाशे साचे चारशे वर्षांनी पुन्हा आपल्या मानगुटीवर बसले, ते कॉम्प्युटरच्या रूपाने. ज्यांनी २००० च्या आसपास सरकारी कचेऱ्यांत काम केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. प्रत्येक खात्यात मराठीचा वेगळा फॉन्ट. एका खात्याची फाइल दुसऱ्या खात्यात उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती जत्रा. कारण या फॉन्टांत मराठी अक्षर खरं मराठी म्हणून साठवलेलंच नसायचं. आत इंग्रजी अक्षर असायचं आणि वर मराठीचा मुखवटा. प्रत्येकाचा मुखवटा निराळा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती आमच्या टेबलापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली.

आता माझी चूक.

माझ्या आजोबांची एक भजनांची वही होती. आमच्या अंत्रुजेतल्या गावात दरवर्षी भजनी सप्ताह होतो. त्यासाठी आजोबांनी साठेक पदं लिहून ठेवली होती. काही प्रसिद्ध संतांची, काही गावातच रचलेली, ज्यांचे कर्ते आता कोणालाच ठाऊक नाहीत. वर कुठे चालीची खूण, कुठे "हे पद पहाटे" असं बारीक अक्षरात. २००३ साली मी नोकरीत नवा होतो आणि कॉम्प्युटर नुकताच शिकलो होतो. हौसेने दीड महिना बसून ती वही टाइप केली. तीन फ्लॉपींवर घेतली आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता हिला काही होणार नाही."

त्या चवथीच्या आधी घराची सफाई निघाली. वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. आईने विचारलं, "ही दवरूं काय?" मी म्हटलं, "कित्याक? सगळें कॉम्प्युटरार आसा." वही न्हाणीच्या चुलीत गेली.

पाचसहा वर्षांनी गावातल्या भजनी मंडळाने पदं मागितली तेव्हा तीनपैकी दोन फ्लॉपी वाचल्याच गेल्या नाहीत. तिसरी उघडली तर आत तीच इंग्रजी अक्षरांची जत्रा. एका जाणकार मित्राने फॉन्ट बदलणारा प्रोग्रॅम लावून दिला. बरीच खटपट करून एकोणीस पदं वाचता आली. तीही कुठे रफार गेलेला, कुठे अर्धं अक्षर उडालेलं. चालीच्या खुणा आणि ते "हे पद पहाटे" तर मी टाइपच केलं नव्हतं. ते मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

वडील काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

या चुकीचा दोष मी कॉम्प्युटरला देत नाही. दोष माझा. मी एक प्रत केली आणि दुसरी जाळली. म्हणजे शेवटी प्रत एकच राहिली, फक्त जागा बदलली. रायतूरला छापलेलं पुराण आणि माझी फ्लॉपी यांची गोष्ट मला म्हणूनच वेगळी वाटत नाही.

त्याच सुमाराला गावात आणखी एक प्रकार घडला. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात मराठी नाटक होतं, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. एका वर्षी पूर्वी गाजलेलं जुनं नाटक पुन्हा बसवायचं ठरलं. पण संहिता मिळेना. छापील पुस्तक बाजारातून कधीच गेलेलं. वाचनालयातली प्रत कपाटात होती, पण हातात घेतल्यावर तिचा भुगा झाला. शेवटी एका जुन्या नटाकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. आत त्यांची 'नक्कल' होती.

नाटकाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो, नक्कल म्हणजे नटाला स्वतःच्या भूमिकेची उतरवून दिलेली वही. तिच्यात फक्त त्याचीच वाक्यं असतात आणि आधीच्या वाक्यातले शेवटचे दोनचार शब्द, म्हणजे आपण कधी बोलायचं ते कळावं. भाई म्हणाले, "म्हजी आसा. हेरांच्यो सोदात." मग आम्ही घरोघर फिरलो. कोणाची विधवा, कोणाचा नातू, कोणी वास्कोला फ्लॅटमध्ये गेलेला. सात नकला जमल्या. त्या एकमेकींना जोडत जोडत नाटक उभं राहिलं. एका भूमिकेची वही मिळालीच नाही. ती भाईंनी आठवणीतून सांगितली आणि मी लिहून घेतली. मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी हस्तलिखितं समोर ठेवून काय केलं असेल, हे मला त्या पंधरा दिवसांत कळलं.

म्हणून पडद्याला नावं ठेवणाऱ्यांत मी सामील होत नाही. पडद्याने मला जे दिलंय ते मी विसरणार नाही. जे साल्ढाणांचं १९०७ चं 'ख्रिस्तपुराण' बघायला पूर्वी मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे, ते आज इंटरनेट अर्काइव्हवर आहे. रात्री जेवण झाल्यावर मी ते घरी बसून वाचतो. छपाईत एकेकाळी पुसलं गेलेलं पुस्तक आज जगात कोणालाही, फुकट, उतरवून घेता येतं. चारशे वर्षांत त्याच्या इतक्या प्रती कधीच नव्हत्या. आपल्या राज्य ग्रंथालयानेही जुनी वृत्तपत्रं आणि दुर्मिळ पुस्तकं स्कॅन केली आहेत. जी पानं हात लावताच तुटायची ती आता वाचता येतात.

पण पडद्यावरचं सगळं एका जातीचं नाही, हे मात्र समजून घेतलं पाहिजे. २००९ साली ॲमेझॉनने वाचकांच्या किंडलवरून काही पुस्तकं परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं कारण होतं आणि पैसेही परत केले. पण लोकांनी विकत घेतलेलं पुस्तक रातोरात नाहीसं झालं. आणि पुस्तकं कोणती? जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा तिथे घेतलेली सगळीच पुस्तकं गेली. पैसे परत मिळाले, पण समासात लिहिलेल्या नोंदींचं काय?

अशा ठिकाणी आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. ती देणारा ती परत घेऊ शकतो. कपाटातल्या पुस्तकाचं तसं नाही. ते मी भाच्याला देऊ शकतो, मित्राला उसनं देऊन कायमचं गमावू शकतो, त्यात पेन्सिलीने भांडू शकतो. माझ्यामागे कोणीतरी ते रद्दीत घालेल, तोही त्याचा हक्क. मालकी म्हणजे हेच. आणि गोव्याचा इतिहास बघितला तर पुस्तकं जगली ती अशा किरकोळ, गरीब, विखुरलेल्या मालकांमुळे. मठ मोडले, छापखाने बंद पडले, फर्मानं निघाली. पण प्रत्येक माळ्यावरचा डबा कोणालाच शोधता आला नाही.

तेव्हा पडदा की कागद, हा वाद मला आता महत्त्वाचा वाटत नाही. मी दोनच गोष्टी विचारतो. प्रती किती आहेत? आणि त्या किती जणांच्या स्वतःच्या आहेत?

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढं ऐकून घ्यायला त्याला वेळ कुठला! त्याला आजोबांची उरलेली एकोणीस पदं दाखवली आणि भाईंच्या नकलेचा डबाही. भाई गेल्यावर त्यांच्या मुलाने तो माझ्याकडे आणून दिलाय. भाच्याने मोबाइलवर सगळ्या वह्यांचे फोटो काढले, मी केला असता त्यापेक्षा कितीतरी नीट. पदं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. कोपऱ्यात लिहिलेलं काहीही सोडायचं नाही, एवढं मी त्याला बजावलं होतं. मग फोंड्याला जाऊन पाच छापील प्रती काढून आणल्या. एक देवळात, एक वाचनालयात, एक भजनी मंडळाकडे, एक भाईंच्या घरी. पाचवी भाच्याने स्वतःसाठी ठेवली.

मूळ वह्यांचं काय करायचं, असं त्याने विचारलं. मी डबा बंद केला आणि परत माळ्यावर ठेवला. डांबरगोळ्या तेवढ्या नव्या घातल्या.